उतारावरचा गारठा

उताराच्या तळाशी रोपवाटिका काढणारा माणूस एक तर अननुभवी असतो, नाहीतर त्याला दुसरीकडे जागा मिळालेली नसते. रोपवालीच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर तिने ही जागा घेतली तेव्हा दोघांना एवढंच दिसलं होतं, की माती काळी आहे आणि विहिरीला पाणी आहे. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून नवऱ्याने खालच्या अंगाला छातीएवढी भिंत बांधली आणि भिंतीला पत्र्याचं फाटक बसवलं. त्याच हिवाळ्यात भिंतीलगतचे सगळे वाफे एका पहाटे करपून गेले. वरच्या वाफ्यांना काही झालं नाही.

तिला कळायला थोडा वेळ लागला. गारठा जड असतो. ऊन गेलं की तो उतारावरून खाली यायला लागतो, पाण्यासारखा, फक्त आवाज न करता. भिंत आडवी आली की तिथे साठतो. मग तिने एका संध्याकाळी नवऱ्याला सांगून फाटक सताड उघडं ठेवलं. नवरा हसला. म्हणाला, "आता थंडीलाही वाट दाखवायची का?" पण रोपं वाचली. तेव्हापासून हिवाळाभर रोज दिवस मावळताना फाटक उघडायचं आणि ऊन आलं की लावायचं, हा तिचा नेम झाला. फाटकाबाहेर पडीक जमीन होती. बाहेर गेलेल्या गारठ्याचं पुढे काय होतं, याचा विचार करायचं काही कारण नव्हतं. नवरा गेला, त्यानंतरही नेम चालू राहिला.

संध्याकाळी रेडिओवर शेतकरी आणि बागायतदारांसाठी हवामान सांगत. आकाश निरभ्र, वारा शांत, किमान तापमान अमुक अंश. ती ऐकायची आणि रेडिओलाच म्हणायची, "ते तुमच्या गच्चीवर, बाबा. इथे माझ्या पायाशी किती ते सांग." मग चपला काढून वाफ्यांमधून एक फेरी मारायची. घोट्यांना जे लागायचं त्यावरून ती ठरवायची. आजूबाजूचे बागवाले तिला फोन करत. "मावशी, आज झाकायचं का?" ती म्हणेल तसं करत. एकदा तिने सगळ्यांना झाकायला लावलं आणि ढग आले, रात्र उबदार गेली. त्यावरून तिला वर्षभर चिडवत होते. "मावशी, आज घोटे काय म्हणतात? की त्यांनाही सर्दी झालीय?"

मागच्या वर्षी फाटकाखालच्या पडीक जागेत एक घर उभं राहिलं. तीन खोल्या, पुढे छपराची पडवी. घरात शिवणकाम करणारी एक बाई आणि तिचा म्हातारा सासरा. बाईचा नवरा सतत फिरतीवर असे. शिवणवालीचं मशीन दिवसभर खडखडत असायचं. ते बंद पडलं की रोपवालीला चुकल्यासारखं वाटे, इतकी त्याची सवय झाली होती.

हिवाळा चांगला मुरला तेव्हा एका दुपारी शिवणवाली फाटकातून आत आली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

"मावशी, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"बोल की. रागवायला मला सवड कुठे आहे?"

"संध्याकाळी तुम्ही फाटक उघडता ना, ते बंद ठेवाल का?"

"का गं? शेळ्या येतात?"

"शेळ्या परवडल्या." ती वाफ्याच्या कडेला बसली. "बाबा अंधारून आलं की पडवीत खुर्ची टाकून बसतात. समोर दुसरी खुर्ची ठेवायला लावतात मला. म्हणतात, वरून येतात ते बसतील."

"कोण येतं?"

"कोणी नाही हो. मी बघते ना. कोणीच नसतं. पण मावशी, सकाळी ती खुर्ची ओली असते."

"दव पडत असेल."

"छपराखाली? आणि एकाच खुर्चीवर? बाबांची कोरडी असते."

रोपवालीने वळून खालच्या पडवीकडे पाहिलं.

"खोकला धरलाय त्यांना," शिवणवाली म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, छातीला थंडी लागू देऊ नका, झेपणार नाही. दार लावलं तर उठून उघडतात. कडी वर बसवली, तर त्या वयात स्टुलावर चढले."

"बघते," रोपवाली म्हणाली. बघते म्हणजे काय करणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. रोपं विक्रीला तयार होत होती. टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी. सगळ्या बागवाल्यांचा हंगाम तिच्या वाफ्यांवर अवलंबून होता आणि तिचं वर्षही.

त्या संध्याकाळी तिने फाटकाजवळ पालापाचोळ्याचा ढीग पेटवला. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. धूर सरळ वर जायला हवा होता. तो वर गेला नाही. जमिनीवर लोळत फाटकातून बाहेर पडला, घराच्या डाव्या अंगाला मोकळा उतार होता तिकडे न वळता सरळ पडवीकडे गेला, पायरी चढला आणि म्हाताऱ्याच्या समोरच्या खुर्चीपाशी थांबला. विरला नाही. थांबला.

म्हाताऱ्याने मान हलवली. घरी आलेल्या माणसाला बघून हलवावी तशी.

रोपवाली खाली उतरून पडवीपाशी गेली. चालताना घोट्यांना जे लागत होतं ते तिच्या वाफ्यांतल्यापेक्षा गार होतं.

"तुम्हीच ना त्या वरच्या?" म्हातारा म्हणाला. "या. बरं करता तुम्ही. माणसाला संध्याकाळी कोणीतरी लागतं."

"कोण येतं, आजोबा?"

"पाठवता तुम्ही आणि विचारता मला!" त्याला हसू आलं, मग खोकला. खोकला थांबायला बराच वेळ लागला.

"बोलतो का तो काही?"

"नाही. ऐकतो. या घरात ऐकणारं कोण आहे? सून चांगली आहे, पण तिचं मशीन माझ्यापेक्षा जास्त बोलतं." त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून आवाज खाली आणला. "आधी लाजायचा. पायाशीच बसायचा. मग गुडघ्यावर हात ठेवायला लागला. काल इथवर आला होता." त्याने तळहात छातीवर ठेवला. "आज राहीलच, बघा."

"राहील म्हणजे?"

"तुम्ही फाटक तेवढं लावू नका."

आतून शिवणवाली दारात आली होती. तिने हे ऐकलं. ती रोपवालीकडे नुसती बघत राहिली.

रोपवाली परत वर आली. रेडिओ चालू होता. थंडीची लाट, वारा शांत, किमान तापमान दोन अंश, नाजूक पिकं झाकून घ्यावीत. दोन त्यांच्या गच्चीवर. म्हणजे इथे काय होणार, ते पाय न टेकताही तिला कळत होतं. फोन वाजू लागले. "झाका," ती प्रत्येकाला सांगत होती. "घरात असेल नसेल ते सगळं घाला." एकाने विचारलं, "मावशी, आमची रोपं नीट आहेत ना?" ती म्हणाली, "आहेत अजून."

मग ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. पत्र्यावर हात ठेवला. गारठा तिच्या दोन्ही पायांच्या मधून बाहेर चालला होता, गर्दीतून घाईने वाट काढणाऱ्यासारखा. उघडं ठेवलं तर तिला कोणी बोल लावणार नव्हतं. गारठा काही ती बनवत नव्हती. म्हाताऱ्याने स्वतःच्या तोंडाने मागितलं होतं. वय झालेलं, खोकला जुना. चार लोक हेच म्हणाले असते, की सुटला बिचारा.

तिने फाटक लोटलं. ते सहज लागलं नाही. मध्ये कोणाचा तरी पाय असावा तसं अडलं. तिने खांदा लावला, पत्रा कुरकुरला आणि कडी बसली. फटीत तिने गोणपाट कोंबलं.

उरलेलं गोणपाट वाफ्यांना पुरणार नव्हतं. तिने चादरी काढल्या, सतरंजी काढली. शेवटी ट्रंकेतून नवऱ्याचे शर्ट काढले आणि टोमॅटोच्या वाफ्यावर बाह्या पसरून ओळीने घातले. मग घरात जाऊन खाटेवर बसली. बसल्या बसल्या कधीतरी डोळा लागला.

जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता. तिने खाटेवरून पाय खाली सोडले आणि पटकन वर घेतले. विहिरीच्या पाण्यात सोडावेत तसं वाटलं. खाटेच्या काठापर्यंत सगळी खोली गारठ्याने भरलेली होती.

बाहेर सगळं पांढरं होतं. दव गोठून वाफ्यांवर मिठासारखं बसलं होतं. लिंबाच्या झाडाची खालची पानं करपली होती, वरची हिरवी होती. मधली रेघ इतकी सरळ, की कोणी दोरी धरून मारली असावी. शर्ट फळीसारखे कडक झाले होते. एक उचलला तर बाह्या पसरलेल्या तशाच राहिल्या. खालचा टोमॅटो काळा पडला होता. मिरचीही. वांग्यातली थोडी रोपं वाचली होती.

फाटकावर कोणीतरी हाताने थापा मारत होतं. तिने उघडलं. म्हातारा घोंगडी पांघरून उभा होता, त्याला धरून शिवणवाली.

"मावशी, रात्रभर खोकला नाही!" शिवणवाली म्हणाली. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा झोपले." मग तिची नजर वाफ्यांवर गेली आणि तिचा हात तोंडावर गेला.

म्हातारा मात्र चिडलेला होता. "अडवलंत ना त्याला?"

"अडवलं, आजोबा."

"मी वाट बघत होतो."

"कळलं मला. म्हणूनच अडवलं."

त्याने तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं, वाफ्यांकडे नाही, घराच्या दाराकडे. त्याचा राग ओसरला. त्याच्या जागी दया आली. "आता तुमच्याकडेच राहील तो," म्हातारा हळूच म्हणाला. "माणसाची सवय लागलीय त्याला."

"राहू दे," रोपवाली म्हणाली.

दिवसभर ती करपलेली रोपं उपटत होती. बागवाल्यांना फोन करून सांगितलं, यंदा माझ्या भरवशावर राहू नका. कोणी चिडवलं नाही. संध्याकाळी शिवणवाली गरम चहा देऊन गेली आणि जाताना फाटक ओढून घ्यायला विसरली नाही.

रोपवाली पेला घेऊन पायरीवर बसली. ऊन गेलं. वाफ्यांत वाचवण्यासारखं फारसं काही राहिलं नव्हतं, म्हणून तिने चपला काढल्या नव्हत्या. तरी तो आल्याचं तिला कळलं. उतारावरून आला, काळ्या वाफ्यांपाशी रेंगाळला नाही, फाटकाकडे गेलासुद्धा नाही. चहाची वाफ वर जायची थांबली आणि पेल्याच्या काठावरून खाली ओघळली. घोट्यांशी काहीतरी येऊन टेकलं, अगदी हलकं, लाजत असल्यासारखं.

तिने पाय मागे घेतले नाहीत.

"काय पाहिजे तुला?" तिने विचारलं. उत्तर येणार नव्हतंच. खाली मशीन खडखडायला लागलं होतं. नवरा गेल्यापासून या पायरीवर ती कोणाशी बोलली नव्हती. तिने चहाचा घोट घेतला, तो तोपर्यंत निवला होता, आणि सकाळपासूनचं सगळं त्याला सांगायला सुरुवात केली.