काकूने जवळचं घर का घेतलं नाही

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, काकूची शाळा अक्कलकोटला आहे, मग त्या बाजूचं घर सोडून तिने सोलापूरच्या दुसऱ्या टोकाला, पुणे नाक्यावर घर का घेतलं? तुमचे बाबा मागून म्हणाले, हट्ट, दुसरं काय. तेवढ्यात तुमची बस आली आणि उत्तर राहिलं. हट्ट नव्हता तो. मी, तुमची आजी, तिथे होते, म्हणून पहिल्यापासून सांगते.

काका टेंभुर्णीला केळ्यांच्या शीतगृहात नोकरीला आहे हे तुम्हाला माहीत आहे. टेंभुर्णी पुण्याच्या रस्त्यावर. काकू गणित शिकवते ती शाळा अक्कलकोटला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला, कर्नाटकच्या सीमेकडे. सोलापूर या दोन्हींच्या मध्ये. दिवाळीनंतर त्यांचं लग्न झालं आणि लगेच दोघं आपापल्या कामावर गेली. काका टेंभुर्णीत दोन सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत, काकू अक्कलकोटला तिच्या आत्याकडे. शनिवारी संध्याकाळी दोघं जुळे सोलापुरात आमच्याकडे यायची आणि सोमवारी पहाटे पाठीला पिशव्या लावून दोन दिशांना जायची. आजोबा म्हणायचे, हे लग्न आहे की शिबिर?

यावर नातेवाइकांकडे एकच औषध होतं. काकूने नोकरी सोडावी आणि टेंभुर्णीला जावं. ती शाळेत कायम व्हायला किती वर्षं लागली, हे कुणी विचारायचं नाही. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत घराचं जमलं नाही तर ती राजीनामा देणार, असं तिला सोडून सगळे धरून चालले होते.

मला गोंधळ सहन होत नाही. मी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा उतरवला, शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, टेंभुर्णीपासून सोलापुरावरून अक्कलकोटपर्यंत रस्त्याच्या वळणांप्रमाणे टाचण्यांनी बसवला, मग तो काढून बरोबर मध्ये दुमडला. मध्यबिंदू शहराच्या अलीकडे, महामार्गाला लागून पडला. न्याय झाला, असं मला वाटलं. आजोबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, जागा उत्तम दिसते, शेजार जरा कमी आहे.

तरी रविवारी आम्ही चौघं मोटारीतून मध्यबिंदू बघायला गेलो. तिथे ज्वारीचं रान होतं. बांधावर उभं राहून मी हाताने दिशा दाखवत होते, तेवढ्यात रानाचा मालक लगबगीने आला. आम्हाला वाटलं रागावला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

"रस्ता पुन्ना रुंद करायलाव व्हय?" त्याने विचारलं.

आजोबांनी त्याला समजावलं की आम्ही सरकारी नाही, सुनेला आणि मुलाला राहायला जागा बघतोय. त्याने आमच्याकडे, मग ज्वारीकडे, मग पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

"हितं? हितं आमीच रातचं ऱ्हात न्हाय की."

मग त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने आगटी पेटवली आणि आम्हाला हुरडा खायला घातला. शेंगाचटणी त्याच्या बायकोने घरून पाठवली. मध्यबिंदूचा एवढाच उपयोग झाला, पण हुरडा असा होता की आजोबा अजूनही म्हणतात, आणखी एखाद्या ठिकाणाचा मध्य काढ.

दुसरा पर्याय आमच्या घराची वरची खोली. ती मी स्वच्छ करून ठेवली होती, पडदेसुद्धा शिवले होते. काकू वर गेली, पडद्यांचं कौतुक केलं, आणि खाली येऊन कैरीच्या डाळीविषयी बोलायला लागली. मी समजले. दोघांनाही बसमधून उतरून पुन्हा निम्मं शहर ओलांडून यावं लागलं असतं. शिवाय सासूच्या डोक्यावर राहायचं, हे मीही माझ्या काळात टाळलं होतं. पडदे आता हॉलला लावले आहेत.

मग एप्रिलमध्ये अक्कलकोट रोडवरचं घर मिळालं. खरोखर छान होतं. वरचा मजला, दोन्हीकडून वारा, खाली मालकीणबाई, मागे त्यांचे टॉवेलचे माग. काकूची बस समोरच थांबायची. ज्याने ज्याने ऐकलं तो काकूला म्हणाला, "बरं झालं, तुला जवळ पडेल." तिची आत्या तेच म्हणाली, तुमच्या बाबांनीही फोनवरून तेच सांगितलं, आणि काका तर रोज म्हणत होता. त्याला टेंभुर्णीहून येऊन पुन्हा शहराच्या या टोकाला यावं लागणार होतं, पण तो ते आनंदाने सोसायला तयार होता, आणि तसं सांगतही होता. आजोबा इतके निर्धास्त की घर नुसतं बघायला जाताना त्यांनी पिशवीत दुधाची पिशवी आणि पितळी पातेलं घेतलं. नव्या घरात पाऊल टाकल्यावर दूध उतू घालायचं असतं, ते एकदाच उरकून टाकू म्हणाले. मालकीणबाईंच्या शेगडीवर.

मालकीणबाई मोठ्या प्रेमळ. घरी तेलुगू बोलणाऱ्या, पण आमच्याशी सोलापुरी मराठीत. त्यांनी गच्ची दाखवली, टाकी दाखवली आणि पाण्याचं सांगितलं. तुम्ही नळ उघडला की पाणी येतं, त्यामुळे तुम्हाला हे समजवायला हवं. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं. चार-पाच दिवसांनी येतं, आणि वेळ पाण्याच्या मर्जीवर. त्या दिवशी घरात माणूस लागतो. लग्नाची तारीख ठरवतानासुद्धा आमच्याकडे लोक पाण्याचा दिवस बघतात.

"पाण्याला कुणीतरी पाहिजे बघा," मालकीणबाई म्हणाल्या. "संध्याकाळी येतंय बहुतेक. मॅडम येताल की तोपर्यंत. गॅसवाला आला तरी तुमीच. साहेब लई लांबनं येणार, त्यांना कुठं जमतंय. तुमचं काय, जवळच हाय की."

आजोबा पिशवीतून पातेलं काढत होते. काकू टाकीवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली,

"मला जवळचं घर नको."

कुणाला काही कळलं नाही. काकाला वाटलं, त्याच्या प्रवासाची तिला काळजी वाटते. तो म्हणाला, "अगं, मी येईन की. मला सवय आहे. थोडा दमेन, एवढंच."

"तेच तर," काकू म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, वर्गात एखादं उदाहरण समजावून सांगावं तसं बोलली. "तू लांबून दमून येशील. तोवर पाणी भरलेलं असेल, कुकर झालेला असेल, गॅसवाला येऊन गेला असेल. पाहुणे आले असतील तर त्यांचा चहाही झाला असेल. आणि मी दमले म्हटलं, तर सगळे म्हणतील, तुला काय झालं दमायला, तू तर जवळूनच आलीस."

मी तिथल्या पायरीवर बसले. मालकीणबाईंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी पाणी आणलं. ऊन नव्हतं लागलं.

माझी शाळा आमच्या घराच्या मागच्या गल्लीत होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. लोक म्हणायचे, किती भाग्यवान. आजोबांची बँकेत तालुक्यातालुक्याला बदली, आणि मी आपली दोन मिनिटांवर. त्यामुळे मधल्या सुट्टीत घरी येऊन पाणी भरणारी मी. विजेचं बिल, दळण, तुमच्या बाबांच्या शाळेतली पालकसभा, गावाकडून आलेल्या पाहुण्यांना किल्ली देणं, सगळं माझ्याकडे. एकदा आठवीच्या वर्गात कवितेचं दुसरं कडवं शिकवताना शिपाई दारात आला, बाई, तुमच्या घरी गवंडी आलाय. मुली इतक्या सरावल्या होत्या की एक जण म्हणाली, बाई, तुम्ही जा, तिसरं कडवं आम्ही वाचून ठेवतो. आजोबा संध्याकाळी एसटीतून धुळीने भरून उतरायचे आणि मी त्यांना खुर्ची आणि चहा द्यायचे. ते खरंच दमलेले असायचे. त्यात खोट नव्हती. पण कुणी मला माझं दमणं विचारलं नाही आणि मलाही ते सांगावंसं वाटलं नाही, कारण शाळा जवळच होती ना. इतक्या वर्षांत मला जे वाक्यात बसवता आलं नाही, ते या मुलीने टाकीपाशी उभं राहून बसवलं.

मी आजोबांना म्हटलं, "अहो, पातेलं आत ठेवा."

"मग दुधाचं काय?" आजोबांनी विचारलं.

"त्याचा चहा करू."

मालकीणबाईंनीच केला. घर गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण चहा पिताना त्या काकूला हळूच म्हणाल्या की त्यांचे माग घराच्या मागेच आहेत, आणि पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती.

काका आठवडाभर काकूला नुसता फोन करायचा, जेवलीस का विचारायचा आणि ठेवायचा. मला खरी भीती त्या आठवड्यात वाटली. घर नाही म्हणजे राजीनामा, असं पुन्हा नातेवाइकांचं सुरू झालं होतं, आणि त्यात आता तुमच्या बाबांचा तो 'हट्ट' आला होता. शनिवारी दोघं आली तेव्हा काकूच्या हातात पुणे नाक्याजवळच्या दोन खोल्यांचा पत्ता होता. ट्रकच्या सीटकव्हरच्या दुकानावर. वारा एकाच बाजूने, आवाज सगळ्या बाजूंनी. पण टेंभुर्णीहून येणारी कुठलीही बस नाक्यावर थांबते आणि तिथून घर चालत. काकाची पाळीही तिच्या शाळेच्या तासभर आधी सुटते. काकूला मात्र अक्कलकोटहून येऊन पुढे शहर ओलांडायला रिक्षा लागणार.

जेवणाच्या टेबलावर काकाने हे सगळं ऐकून घेतलं आणि कडक भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "म्हणजे मी आधी पोचणार?"

"अर्धा तास तरी," काकू म्हणाली.

"म्हणजे पाणी मी?"

"पाणी, कुकर आणि गॅसवाला."

"आणि तू?"

"मी दमून येणार."

आजोबांना ठसका लागला. काकाने उरलेली भाकरी संपवली. मग म्हणाला, "मला कुकर लावता येत नाही."

"मलाही येत नाही," आजोबा म्हणाले. "माझं काही अडलं का?"

"सांगू का, काय अडलं ते?" मी म्हटलं. आजोबांनी ताबडतोब ताक मागितलं.

काका हसला. मग काकूला म्हणाला, "एक वर्ष करून बघू. पण शिट्ट्या किती ते लिहून दे." तिने लिहून दिलं नाही. फोन कर म्हणाली.

मे महिन्यात आम्ही त्या घरी दूध उतू घालायला गेलो. पातेलं तेच. शेगडीपाशी यावेळी काका उभा, कारण या घरात आधी पोचणारा तो. आयुष्यात पहिल्यांदा तो दुधाकडे इतकं लक्ष देऊन बघत होता. दूध वर आलं, काठाला टेकलं, आणि त्याने झटकन गॅस बंद केला. उतू जाऊ दिलं नाही म्हणून त्याने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. आजोबांनी कपाळाला हात लावला. काकू हसून हसून भिंतीला टेकली. पुन्हा गॅस लावला, आणि दुसऱ्यांदा त्याला दोन्ही हात मागे बांधून उभं केलं, तेव्हा कुठे चार थेंब शेगडीवर सांडले.

शाळा जूनमध्ये उघडली आणि काकू त्याच शाळेत गेली. सगळं गोड झालं असं समजू नका. ती खरोखर दमते. पावसात रिक्षा मिळत नाही, ट्रकच्या हॉर्नने रविवारीसुद्धा लवकर जाग येते. काकाने पहिल्या महिन्यात डाळ तीनदा करपवली आणि एकदा पाण्याच्या दिवशी नळ उघडा ठेवून झोपला, तेव्हा खालच्या दुकानातली नवी कव्हरं गच्चीवर वाळत घालावी लागली. पण गॅसवाला आता त्यालाच फोन करतो. आणि संध्याकाळी मला त्याचा फोन येतो, आई, भात मऊ झाला तर काय करतात. खातात, असं मी सांगते.

मागच्या महिन्यात काकूची शाळा लवकर सुटली. ती घरापाशी आली तर दाराला कुलूप, काका अजून यायचा होता. किल्ली तिच्या पर्समध्ये होती. ती तशीच परत फिरली, नाक्यावरच्या रसवंतीत बाकावर बसली, रस प्यायली, पेपर तपासले, आणि काका बसमधून उतरून घराकडे गेल्यावर सावकाश मागून निघाली. हे तिनेच मला सांगितलं. काकाला सांगू नका.

इकडे मी फक्त एक लहानसा बदल केला आहे. आजोबांची खुर्ची खिडकीशी असायची आणि माझी स्वयंपाकघराच्या दाराशी. उन्हाळ्यात तिथे वारा बरा लागतो असं सांगून मी त्यांची खुर्ची दाराशी नेली आणि माझी खिडकीशी आणली. आत्ता हे लिहिताना कुकरची तिसरी शिट्टी झाली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला जवळ पडेल," मी म्हटलं.

ते उठले आहेत. गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा, असं आतून विचारताहेत.