कौसल्याताईंच्या शेजारची खुर्ची

गौरव समितीच्या सर्व मंडळींना नमस्कार.

आधी घरची खुशाली विचारतो. कौसल्याताईंचे गुडघे आता जिना चढू देतात का? त्यांचे यजमान नामदेवराव यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना पेपर वाचता येतो ना? आणि नातीचा खोकला गेला का? मी ठीक आहे. फक्त ताईंच्या साठीनिमित्त ग्रंथ निघतोय हे कळल्यापासून पोटात दुखून राहिलंय. माझी साठी होऊन दहा वर्षं झाली. तेव्हा चहा आणि भजी झाली होती. भजी चांगली होती, खोटं कशाला बोलू.

हिंगोलीच्या आमच्या रुग्णालयात ताई मला पहिल्यांदा दिसल्या त्या टेलिफोनच्या बोर्डावर. कोणाचा फोन कोणाला जोडायचा आणि कोणाचा नाही, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. मी संगणक विभागात, पुस्तकं चाळून शिकलेला. बोर्ड बंद झाला तेव्हा त्यांना माझ्या हाताखाली दिलं. तीन वर्षांत मीच अडलो की त्यांना विचारायला लागलो. हे लिहिताना आजही पेन अडतंय.

पुढं मोठं स्टोरेज आलं. एक्स-रे, रक्ततपासणी, केसपेपर, सगळ्यांच्या डिस्का एका कपाटात, बाहेर आठ-दहा सर्व्हर आणि मधे जोडणारा स्विच. मी सगळ्यांना सगळं दिसेल असं मोकळं ठेवलं होतं. चालतही होतं. ताईंनी मात्र वही घेतली. पंधरा दिवस विभागाविभागात फिरून कोणाला कोणती डिस्क लागते ते विचारलं, प्रत्येक सर्व्हरचा कारखान्यातूनच कोरून आलेला सोळा अक्षरी नंबर उतरवला आणि दर सर्व्हरला वेगळा झोन आखला. आपली सोडून दुसऱ्याची डिस्क त्याला दिसायचीच नाही.

मला मिरच्या झोंबल्या. म्हणालो, "एवढे नंबर कशाला? स्विचच्या कोणत्या भोकात तार आहे त्यावरून झोन करा की."

ताईंचं माहेर पुसेगावचं, घरी मेंढरं. म्हणाल्या, "नाना, मेंढरू कोण्या वाड्यात बसलंय यावरून वळखता का तुमी? आमी कानाची खूण पाहतो. तार उद्या कोणीबी हलवंल, नंबर हलत न्हाई."

हे मला का सुचलं नाही, या विचारानं मी आठवडाभर नीट जेवलो नाही.

झोन आखणं एक आणि पाळायला लावणं दुसरं. एकदा एक मोठे डॉक्टर आले, "ताई, आमच्या सर्व्हरला सगळं तात्पुरतं उघडा ना."

"तात्पुरतं म्हंजे कवर, साहेब? तारीख लिवून द्या."

डॉक्टर हसले, पण लिहून दिलं.

आता जे कोणालाच माहीत नाही ते सांगतो. एका रविवारी दुपारी ताई औंढ्याला लग्नाला गेल्या होत्या आणि नवा सर्व्हर जोडायचा होता. ताईंना दोन दिवस लागतात ते मी तासात करून दाखवतो, या हट्टानं मी अडीनडीला दिलेला त्यांचा पासवर्ड वापरला आणि जुना, सगळ्यांना मोकळा झोन लावला. नव्या सर्व्हरला एक्स-रेची डिस्क दिसली. त्यानं विचारलं, ही नवी डिस्क तयार करू का? मी 'हो' दाबलं.

तयार करणं म्हणजे आधीचं सगळं पुसणं; एक्स-रे गेले. जुन्या प्रतीवरून परत आणायला दोन दिवस लागले. तोवर मोडक्या पायाच्या एका म्हाताऱ्याला पुन्हा टेबलावर झोपवून फोटो काढावा लागला. तो कण्हत होता, ते मी दारातून ऐकलं.

रुग्णालयाच्या प्रमुखांनी ताईंना बोलावलं. "झोनचं कुलूप तुमच्याकडं होतं ना?"

"व्हय, माझ्याकडंच होतं," ताई म्हणाल्या. मी शेजारी उभा होतो.

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी नियम केला. झोनमध्ये कोणताही बदल दोघांनी करायचा, एकानं नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं टाकायचा. वाचायला त्यांनी मला घेतलं. निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून सोळा सोळा अक्षरं वाचली. चुकलो की म्हणायच्या, "नाना, पुन्हा एकदा, सावकाश." आवाज कधी चढला नाही.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मला कळलं की स्विच सगळं टिपून ठेवतो. कोण शिरलं, किती वाजता, कोणत्या टेबलावरून. त्या रविवारच्या नोंदीत टेबल माझं होतं.

ताई, साऱ्या मंडळींसमोर विचारतो. तुम्ही ती नोंद त्याच दिवशी वाचली होती ना? मग काहून बोलला न्हाईत? ती खुर्ची शिक्षा होती, की विश्वास?

तुमचे गुडघे बरे होवोत. नातीच्या लग्नात तुम्ही पंगतीत वाढायला उभ्या राहा, आणि सोळा अक्षरांतलं एक चुकलेलं अक्षर नव्वदाव्या वर्षीही तुमच्या नजरेतून सुटू नये. समितीनं हे सगळं जसंच्या तसं छापावं.

आणि ताई, उत्तर लवकर लिहा. शिक्षा होती म्हणालात तर फिटली म्हणेन. विश्वास होता म्हणालात, तर पुन्हा पोटात दुखायला लागेल.

तुमचाच,
नाना