लिहिणं सोडून सगळं येणारा हात

‘वाट पूर्ववत’ इथपर्यंत लिहिलं आणि माझं पेन थांबलं. पेनात शाई होती. पुढचं वाक्यही डोक्यात तयार होतं. पण उजव्या हाताचं पहिलं बोट पेनाभोवती आवळत गेलं, मनगट आत वळलं आणि निब कागदात रुतलं. मी हात झटकला. बोट सुटलं. पुन्हा पेन धरलं, पुन्हा तेच.

“सेक्रेटरीबाब, लिवलंत?” समोरून विष्णू परबांनी विचारलं.

“हात जरा आखडलाय,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी सरपंचांकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मी गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका पंचायतीचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे सरकारी नोकर. सरपंच आणि पंच निवडून येतात, आपसात भांडतात, पाच वर्षांनी बदलतात. सेक्रेटरी बदली होईपर्यंत तिथेच असतो. मीटिंगमध्ये जे ठरेल ते त्याने प्रोसिडिंग बुक नावाच्या बांधीव वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं, वाचून दाखवायचं आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. वहीत नाही ते ठरलंच नाही, असं धरलं जातं. मी डिचोलीचा. अक्षर चांगलं म्हणून शाळेपासून नाव होतं. कोणाच्या घरी लग्न असलं की पाकिटांवर नावं घालायला मला बोलवायचे.

त्या दिवशीचा ठराव झरीच्या वाटेचा होता. वरच्या वाड्यावरच्या बायका पिढ्यानपिढ्या एका काजूच्या बागायतीतून झरीवर पाण्याला जायच्या. बागायतवाल्याने तिथे काटेरी तार मारली. बायकांना मोठा वळसा पडू लागला. विष्णू परब त्या वाड्याचे पंच. त्यांनी ठराव मांडला की तार काढून वाट पूर्ववत मोकळी करावी. बागायतवाला सरपंचांचा चुलतभाऊ. तरी सरपंचांनी विरोध केला नाही, ठराव मंजूर झाला. आणि नेमका तोच लिहिताना माझा हात थांबला.

“पुढच्या मीटिंगला लिहू,” सरपंच म्हणाले. माणूस मवाळ होता. पण तेवढं पुरे झालं.

दोन दिवसांत बाजारात बोललं जाऊ लागलं की सरपंचांनी सेक्रेटरीचा हात धरला. मला हे मासळी घेताना कळलं. मी विष्णू परबांच्या घरी गेलो. ते अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते.

“परबबाब, मला खरंच लिहायला येत नाही.”

“हात मोडलो?”

“नाही.”

“दुखता?”

“दुखत नाही.”

“मगे?”

तेवढ्यात त्यांच्या बायकोने चहा आणला. मी उजव्या हाताने कप उचलला. परबांनी त्या कपाकडे बघितलं आणि म्हणाले, “तुमी स्कूटर घेवन इलात. कप धरतात. पेनच तेवढा जड जाता?”

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. मलाच काही समजत नव्हतं. घरी मी नारळ सोलत होतो, शर्टाची बटणं लावत होतो. बायकोने सुई दिली तर तीत दोराही ओवला. पेन घेतलं की दोन शब्द बरे यायचे आणि तिसऱ्याला बोट आवळायचं. मी जाड पेन आणलं. मग पेन्सिल. बायकोने रोज तेल चोळलं. म्हापशाच्या डॉक्टरने हात वाकवून, ताणून बघितला, एक्स-रे काढला आणि म्हणाला, “हाड उत्तम आहे.” हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मी मात्र जास्तच गोंधळलो. बायको एकदा हळूच म्हणाली, “तुम्हाला तो ठराव मनातून नको होता का?” मी नाही म्हटलं. पण त्या रात्री मी स्वतःलाही तेच विचारलं. ठराव मला योग्यच वाटत होता. मग हात असा का वागतो?

परबांनी बीडीओंकडे तक्रार केली. बीडीओ म्हणजे तालुक्यातल्या पंचायतींवरचा अधिकारी. आमचे साहेब दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचे, ख्रिश्चन. कोंकणी आणि इंग्रजी मिसळून बोलायचे, देवनागरी सावकाश वाचायचे. त्यांनी मला आणि परबांना एकत्र बोलावलं. माझ्यापुढे कागद सरकवला.

“बस. भिऊ नाका. लिही. तुझं नाव, गाव, काय पण.”

मी नाव लिहिलं. गाव लिहिताना मनगट वळलं. साहेब खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी आणखी प्रयत्न केला, कागद फाटला.

“यू आर नर्व्हस?”

“नाही साहेब.”

“हा नाटक करता,” परब म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “नाटक असेल तर वायट. नसेल तर त्याहून वायट. लिहीना असो सेक्रेटरी हांव खंय दवरूं?” लिहू न शकणारा सेक्रेटरी मी ठेवू कुठे, असं ते विचारत होते. प्रश्न बरोबर होता. मग त्यांनी खिडकीजवळच्या इंग्रजी टाईपरायटरकडे बोट दाखवलं. टाईपिस्ट रजेवर होती. “मला तुझं स्टेटमेंट पायजे. थंय बस आणि टाईप कर.”

मी आयुष्यात टाईपरायटरला हात लावला नव्हता. एकेक अक्षर शोधत, एका बोटाने, मोडक्या इंग्रजीत मी चार ओळी ठोकल्या. चुका भरपूर होत्या. पण तिसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की बोट सरळ आहे. मी थांबलो आणि हाताकडे बघत बसलो. साहेबांना वाटलं, मी अडलो.

“काय झालं?”

“काही झालं नाही साहेब. तेच सांगतोय.”

त्यांनी मला दोन महिन्यांची मुदत दिली. तोवर शेजारच्या पंचायतीचा सेक्रेटरी मीटिंगला येऊन वही लिहील. पण अर्धा राहिलेला ठराव मीच पुरा करायचा, कारण चर्चेला मी हजर होतो. तोवर तार तशीच राहणार होती. परब उठून गेले.

मी ठराव टाईप करायचा असं ठरवलं. मशीनचा प्रश्न नव्हता. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. त्याआधी राजभाषेचा कायदा झाला, कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा राहिली. त्या गडबडीत खात्याने आम्हाला एक देवनागरी टाईपरायटर पाठवला होता. तो खोक्यातच होता. वापरायला कोणालाच येत नव्हतं.

मी डिचोलीतल्या टाईपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं. सकाळचा वर्ग. सगळ्या मुली, सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या. चाळिशी ओलांडलेला मी एकटा. शिकवणाऱ्या लोटलीकर मॅडम माझ्याहून लहान होत्या आणि कडक होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर फडकं टाकलं. अक्षरांकडे बघायचं नाही, बोटांनी ओळखायचं.

“मॅडम, मी लिहून घेऊ का कुठलं अक्षर कुठे ते?” मी सवयीने विचारलं.

“तुम्हाला लिहायला येत नाही म्हणून तुम्ही आलात ना?”

मुली खाली बघून हसल्या.

देवनागरी मशीन म्हणजे डोक्याला ताप. ख, भ, श ही अक्षरं कळेवर अर्धीच असतात, काना जोडला की पूर्ण होतात. ‘कि’ लिहायचं तर वेलांटी आधी मारायची, क मागून. बोलताना जे नंतर येतं ते इथे आधी. मी आठवडाभर ‘विष्णू’ लिहायला गेलो की भलतंच काही उमटायचं. करंगळीत जोर नाही म्हणून काही अक्षरं फिकट. एकदा मी म्हटलं, “मॅडम, माझ्या वयाला जमणार नाही हे.” त्या म्हणाल्या, “वयाचं मला माहीत नाही. तुम्ही कळेवर बोट ठेवून विचार करता. मारा आणि पुढे जा.”

हळूहळू जमलं. एक दिवस त्यांनी वर्तमानपत्रातला उतारा वाचला आणि मी तो थांबत थांबत का होईना, पुरा उतरवला. पूर्वी लिहिताना माझं अर्धं लक्ष अक्षर सुंदर येतंय का इकडे असायचं. इथे अक्षर मशीनचं होतं. मला फक्त ऐकायचं होतं.

मुदत संपता संपता झालेल्या मीटिंगला मी मशीन टेबलावर ठेवलं. परबांनी ते बघितलं.

“ह्या मशिनात मराठी असा की कोंकणी?”

“देवनागरी आहे. तुम्ही बोलाल ते उमटेल.”

“म्हणजे सरकार म्हणात ता.”

सरपंच म्हणाले, “विष्णू, अक्षरं तीच रे.” पण पंचांमध्ये कुजबूज सुरू झाली. वही बंद करून मशीन आणलं म्हणजे आता कोंकणीच चालणार, असं एकाला वाटत होतं. दुसऱ्याला वाटत होतं, मराठीच चालणार. दोघेही सारखेच रागावले होते.

परबांची खरी हरकत मात्र वेगळी होती, आणि ती रास्त होती. “वहीचा पान फाडला तर कळता. सुटो कागद कोणय बदलीत.”

ह्याचा विचार मी केला नव्हता. बीडीओ त्या दिवशी मुद्दाम आले होते. त्यांनी वहीची पानं चाळून बघितली. मग म्हणाले, “सगळ्यांसमोर टाईप कर. मोठ्याने वाच. कागद वहीत चिकटव. आणि सह्या अशा करा की अर्धी कागदार, अर्धी वहीर.”

“आणि मजकूर परबबाबांनी सांगावा,” मी म्हटलं.

परबांना ते अपेक्षित नव्हतं. ते उभे राहिले. आधी भराभर बोलले, मग कळांचा आवाज ऐकून सावकाश. ‘काटेरी तार’ म्हणाले आणि माझी बोटं संपेपर्यंत थांबले. सगळा ठराव झाला तसा मी कागद काढून वाचला. त्यांनी तो माझ्या हातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग सही केली, अर्धी कागदावर, अर्धी वहीवर. माझी सही मी एका फटक्यात आद्याक्षरांची केली, हाताला कळायच्या आत.

नोटीस गेली. बागायतवाल्याने थोडे दिवस टंगळमंगळ केली आणि तार काढली. तिथे त्याने एक फाटक बसवलं, कुलूप नसलेलं. बायका ते उघडून जाऊ-येऊ लागल्या.

पुढे पणजीच्या एका डॉक्टरने मला दुखण्याचं नाव सांगितलं. रायटर्स क्रॅम्प. “हाताला काही झालेलं नाही,” तो म्हणाला, “लिहिण्याला झालंय.” असं का होतं ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. पेन मी तेव्हापासून जवळजवळ सोडलंच. कंप्युटर आले तेव्हा ऑफिसातले बाकीचे घाबरले, मी आधी जाऊन बसलो. आज वाण्याची यादीही मोबाईलवर करतो, आणि खरं सांगायचं तर हात बरा झाला तरी मी पेनाकडे परत जाणार नाही. कळांवर मला स्वतःचं म्हणणं जास्त स्पष्ट ऐकू येतं.

त्या पंचायतीतून बदली झाली तेव्हा विष्णू परब निरोपाला आले. फणस घेऊन आले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “आता जातासात. आता तरी खरा सांगा, तेव्हा तुमका कोणी थांबयल्यान?”

“हाताने,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. “बरा. नको सांगूक असात तर नको.”

त्यानंतर मी खुलासे देणं बंद केलं. आपली अडचण दुसऱ्याला पटेलच असं नाही. झालेलं काम मात्र त्याला सही करून मान्य करावं लागतं.