पोचूभाऊ आणि तुटके स्टड

पोचूभाऊ मिस्त्रींच्या दुकानात एक अजब नियम होता. तापवलेलं लोखंड निवत असेल तोवर गाडीचं नाव काढायचं नाही. चहा प्या, सुपारी कातरा, कुणाची पोरगी कुठे दिली ते बोला. पण कुणी "झालं का हो?" म्हणालं की पोचूभाऊ शांतपणे उठायचे आणि गॅस पुन्हा पेटवायचे. "टोकलं तुमी. आता नव्यानं तापवा लागंल."

माजरीच्या खाणीतल्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी चंद्रपूरच्या रस्त्याला, मोहाच्या झाडाखाली, टिनाचं छप्पर टाकून दुकान थाटलं होतं. केस काळेकुळीत रंगवलेले, मिशीला तेल, खिशात कंगवा. बढाई तर विचारू नका. "खाणीतले डंपर मले पाहूनच न्यूट्रलमधी येत होते," असं ते तोंड वाकडं न करता सांगायचे. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत इंजिन कुणाचंही असो, शूर माणूस एकच.

शूर तर मीही होते, माझ्या मते. तेव्हा मी शाळेत शिकवत असे आणि सगळ्यांचा विरोध पत्करून एक जुनी निळी गाडी घेतली होती. डोळ्यांवर काळा गॉगल, पदर खोचलेला, आणि रस्त्यातल्या प्रत्येक म्हशीला हॉर्न. म्हशी हलत नसत. मला वाटे, माझा रुबाब बघून थिजल्या!

मग गाडी मळणीयंत्रासारखी धडधडू लागली. इंजिनाला सायलेन्सरचा पाइप आवळून धरणारे आट्यांचे लोखंडी खुंट असतात, त्यांना स्टड म्हणतात. त्यातला एक गंजून तुटला होता. धूर आत यायचा. आमचे हे वैतागले आणि भंगारवाल्याला सोमवारचं बोलावणं धाडून मोकळे झाले. माझा जीव मात्र आईत अडकलेला. ती नागभीडच्या पलीकडे एकटी राहायची. गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढणं संपलेलं. "माझ्या गाडीतून तुला घरी आणीन," असं मी तिला सांगून बसले होते. गाडी गेली असती तर आई तिथेच राहिली असती.

रविवारी सकाळी मी धडधडत पोचूभाऊंकडे गेले. त्यांनी पाना लावला, आणि टिक् करून दुसराही स्टड तुटला. पोचूभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "थो मेलाच होता, बाई. मी फक्त मौत जाहीर केली."

"मग ड्रिल मारा ना सरळ!"

"ड्रिल सरकलं तं इंजिनाचं हेडच गेलं. मंग उद्या भंगारवाल्याले च्या पाजा तुमी."

त्यांनी तुटक्या टोकावर एक नट ठेवला, वेल्डिंगने भरला, लाल होईतो तापवला आणि वर मेणबत्ती टेकवली. मेण वितळून, तहानलेल्या जमिनीत पाणी जावं तसं आत गेलं. "आता निवू द्या. लोखंडाले घाई समजत नाई. निवतानी थे आंग चोरते, तवाच पकड सोडते."

मी बाजेवर बसले. गप्प बसणं मला तेव्हा शिकवूनही आलं नसतं. "पण संध्याकाळपर्यंत तरी..."

पोचूभाऊ उठले. गॅस पेटला.

पुढच्या खेपेला मी नुसती मान उंच केली, तरी ते ओरडले, "डोऱ्यानंबी टोकू नका!" आणि खरंच तेव्हा पाना लावताच वेल्डिंग सुटून नुसता नट हातात आला, स्टड आतच. मी रडकुंडीला आले. त्यांनी नवा नट घेतला. म्हणाले, "काऊन एवढा जीव जाते तुमचा? मायबद्दल सांगा काही."

मग मी सांगत राहिले. आई पहाटे मोहफुलं वेचायला जायची ते, टोपलीला नाक लावून मी कशी पेंगायचे ते. वर मोह होताच. एखादं उशिराचं फूल टप्प करून बाजेवर पडायचं. त्या गोड, जड वासात ऊन, पाना, भंगारवाला सगळं मऊ होत गेलं. गाडी आईच्या गावच्या जुन्या मामा तलावावरून चालली होती. चाकं पाण्याला लागत नव्हती. कमळं बाजूला सरून वाट देत होती, आई खिडकीतून हात बाहेर काढून पाण्याला शिवत होती आणि कुठेच आवाज नव्हता.

जाग आली तेव्हा गॉगल हनुवटीवर, तोंड उघडं आणि ऊन कललेलं. उशाशी फडक्यावर दोन्ही तुटके स्टड ठेवलेले, उपटलेल्या दाढांसारखे. नवे बसवूनही झाले होते. सगळा पराक्रम मी घोरण्यात घालवला होता.

भंगारवाला रिकाम्या हाती गेला. पुढच्या रविवारी आईला घेऊन येताना मी दुकानापाशी थांबले. आईने खिडकीतून विचारलं, "भाऊ, तुमीच काढले का थे तुटके खिये?"

मी मनात म्हटलं, आता डंपरची गोष्ट सुरू होणार. पोचूभाऊंनी कंगवा काढला, परत खिशात ठेवला. "नाई, माय. तुमच्या पोरीनं काढले. म्या नुसतं फडकं धरलं."

आईने माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, की मी खरं सांगायचं सोडून गाडीच सुरू केली. शेवटपर्यंत ती माझ्या घरी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगत राहिली.

पोचूभाऊ वारले तेव्हा मी त्यांच्या घरी भेटायला गेले. अंगणात लोक त्यांच्या बढाया आठवून हसत होते, डोळे पुसत होते. एक म्हातारा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याच थ्या बाई! दोन स्टड एकटीनं काढले म्हने. पोचूभाऊ सांगे आमाले."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने माझा हात दाबला.

"राहू द्या, बाई. जन्मभर आपलंच गानं गाइलं त्याहीनं. एकच गोष्ट दुसऱ्याच्या नावानं सांगतली. थे तरी मोडू नका."