इंदोऱ्यातली नाव

भाऊराव रामटेक्यांच्या घरी पाहुण्याला खुर्ची मिळत नसे; नावेत बसावं लागे. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली त्या अर्धवट सागवानी नावेने अडवली होती. कमलवहिनी चहाचे कप तिच्या आडव्या फळीवर ठेवत आणि म्हणत, "सांभाळून बसा भाऊजी. बनवणाऱ्याले पोहता येत नाही."

साठच्या दशकात आम्ही दोघे एकाच सरकारी कचेरीत कारकून होतो. तिथे इतर कामं रेंगाळत, पण भाऊरावांच्या नावेची चौकशी वेळच्या वेळी होई. हेडक्लार्क रोज विचारत, "काहो रामटेके, नागपूरले समुद्र येऊन राहिला का?"

भाऊराव मान वर न करता म्हणत, "कधीचा निघाला हाये साहेब. तुमच्या टेबलावर अडकला असन."

सुतारकामाचा त्यांचा अनुभव एक डुगडुगणारा पाट करण्यापुरता. तरी दर रविवारी रंधा चाले. फटींत सुतळी ठोकून वर डांबर ओतलं, तेव्हा शेजारचे भांडायला आले. "मी वासाचे पैसे मागून राहिलो का?" भाऊरावांनी शांतपणे विचारलं. नाव दारातून निघणार नाही, अशी गल्लीची पक्की आशा होती. ती निघायच्या दिवशी माणसं कामं टाकून बघायला जमली. भाऊरावांनी चौकटीचं माप आधीच घेतलं होतं. नाव सुरळीत बाहेर आली आणि लोक हिरमुसून परतले.

खाप्याला, कन्हान नदीवर, ती ट्रकने न्यायची होती. मीही सोबत गेलो. नदीपलीकडे त्यांचं गाव, तिथे त्यांची आई एकटी राही. वाटेत मी विचारलं, "आता तरी सांगा, ही नाव काहून?"

"माही माय जन्मभर या नदीवर उभ्यानं पार झाली. गावची नाव होती, पण आमी टोकाले उभं राहाचं. बसलो असतो त नाव बाटली असती. लय नाजूक लाकूड होतं ते."

"बुद्धाची दीक्षा घेतल्यावरही?"

"दीक्षा आमी घेतली. नावेनं कुठं घेतली?"

खाप्याच्या काठावर आम्ही नाव ट्रकमधून उतरवली.

बाजार आटोपून म्हातारी काठावर थांबली होती. लेकाने नाव पाण्यात लोटली, हात धरून तिला चढवलं; मागून मीही चढलो. ती सरळ टोकाला गेली आणि गाठोडं काखेत धरून उभी राहिली.

"बस ना वं माय."

"राहू दे. सवय हाये."

"उभी राहिली त नाव उलटन. बस म्हणतो ना!" भाऊरावांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला.

म्हातारीने आमच्याकडे, मग काठावरच्या लोकांकडे पाहिलं. हळूच मधल्या फळीवर येऊन बसली. गाठोडं मांडीवर घेतलं. भाऊरावांनी वल्हं मारलं.

नदीच्या मध्यावर तळाच्या फटीतून पाणी आत येऊ लागलं. सगळी सुतळी, सगळं डांबर वाया. म्हातारीचे पाय भिजले, लुगड्याचा काठ भिजला. भाऊराव घाबरले. "माय, पाणी येऊन राहिलं वं. जरा इकडं सरक."

"येऊ दे गा," म्हातारी म्हणाली. "आता मी उठत नाही."

मी माझ्या जेवणाच्या डब्याने पाणी उपसत राहिलो. पलीकडचा काठ लागला, तरी ती बसूनच होती.