शेजारच्या सीटवरून

अंबरीश हरकारे गावाहून परतले की आमच्या चेरीतालच्या गल्लीला कळायचं. वळणावर त्यांची गाडी गिअर बदलायची, आणि तो आवाज ऐकून त्यांच्या पत्नी विनताताई चहाचं आधण चढवायच्या. मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत. अंबरीशराव औषध कंपनीत होते. मंडला, डिंडोरी, सिवनी, बालाघाट हा त्यांचा इलाका आणि सगळं फिरणं स्वतः गाडी चालवून.

एकदा मंडल्याच्या एका डॉक्टरांनी आपली नवीकोरी गाडी त्यांना मंडला रोडवरच्या बरेल्यापर्यंत चालवायला दिली. टर्बो पेट्रोल गाडी होती. तिच्या इंजिनात पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये उडतो, असं त्यांनी मला हातवारे करून समजावलं होतं. "वहिनी, पाय नुसता टेकवला, अन् गाडीला माझ्या मनातलं समजलं," असं ते कित्येक दिवस सांगत होते. तशी गाडी घ्यायची राहूनच गेली. मुलीचं, अवंतिकाचं, शिक्षण झालं, मग लग्न झालं, ती पुण्याला गेली.

नंतर अंबरीशरावांना पक्षाघात झाला. उजवा हात, उजवा पाय गेल्यातच जमा. बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. जुनी डिझेल गाडी फाटकाशी धूळ खात उभी होती, ती शेवटी विकली. ज्या दिवशी ती नेली, त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडून होते.

विनताताईंनी साठीच्या उंबरठ्यावर गाडी शिकायला घेतली. मी विचारलं तर म्हणाल्या, "व्यायामाला न्यायला ऑटो करते, तर हे आत आखडून बसतात. बाहेर पाहतसुद्धा नाहीत. मलाच शिकू दे नं."

शिकल्यावर त्या एक लहानशी साधी गाडी पाहायला शहरातल्याच गोरखपूर भागात पियूष नावाच्या माणसाच्या जुन्या गाड्यांच्या दुकानावर गेल्या. सोबत मी होते आणि घमापूरचा नथ्थू मिस्त्री होता. अंबरीशरावांच्या गाड्या तोच बघायचा. अंबरीशराव रस्त्याकडेला ऑटोतच बसून राहिले. "उतरता का?" म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाले.

आम्ही लहान गाडीची दारं उघडून पाहत होतो. तेवढ्यात कोपऱ्यातली एक राखाडी सेडान दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी सुरू झाली. आधी जरा थरथरली, मग टिकटिक टिकटिक करत स्थिरावली. मी वळून पाहिलं तर अंबरीशराव ऑटोत नव्हते. काठी टेकत, उजवा पाय ओढत, एकटे, त्या गाडीकडे चालले होते. ऑटोवाला मागून "बाबूजी, रुको!" ओरडत होता. ते थांबले नाहीत. बॉनेटवर डावा हात ठेवून उभे राहिले.

"हीच," ते म्हणाले.

विनताताई धावत गेल्या. "कोणती ही?"

"डॉक्टर... मंडला."

तीच गाडी नव्हती, पण इंजिन त्याच जातीचं होतं. गाडी ऑटोमॅटिक होती आणि सव्वा लाख किलोमीटर चालली होती. नथ्थूने तोंड वाकडं केलं. "दीदी, ये मत लो. साध्या गाडीत पेट्रोल वाल्ववरून जातं, वाल्व धुतले जातात. इसमें पेट्रोल सीधा अंदर. वाल्व कोरडेच राहतात, काजळी धरतात. इतकी चाललेली गाडी, काम निकलता रहेगा."

पियूष म्हणाला, "भैया, टिकटिक तो इंजेक्टर की है, नॉर्मल है."

"टिकटिकेचं नाही म्हणून राहिलो मी. थरथर कशाची आहे ते सांग."

दुसऱ्या दिवशी नथ्थूने इंजिनाच्या हवेच्या वाटेत बारीक कॅमेरा घालून मोबाईलवर दाखवलं. वाल्वच्या दांड्यांवर काळे खडबडीत थर होते, चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखे. अंबरीशराव तो मोबाईल हातातून सोडेनात. पुण्याहून अवंतिका फोनवर चिडली, "आई, इतकी चाललेली गाडी काहून? नई छोटी ले लो ना!"

"तुझे बाबा ऑटोतून आपले आपण उतरले," विनताताई म्हणाल्या.

गाडी घेतली. नथ्थूने काजळी खरवडून काढली, तेल बदललं, आणि सकाळी इंजिन तापेपर्यंत दामटायचं नाही, अशी ताकीद दिली.

पहिल्या रविवारी दोघं मंडला रोडला निघाली. पुढचं मला ताईंनीच सांगितलं. अंबरीशराव शेजारच्या सीटवर बसून डावा पाय दाबत होते, जणू ब्रेक तिथेच आहे. बरेला ओलांडलं, रस्ता मोकळा झाला, तसे म्हणाले, "थांब."

ताईंनी गाडी कडेला घेतली. ते स्टिअरिंगकडे बोट दाखवत राहिले. पार्किंगचा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून ताईंनी त्यांना धरून तिकडून इकडे आणलं, चालकाच्या सीटवर बसवलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा पाय उचलला, अॅक्सिलरेटरवर ठेवला. पाय दाबला जाईना. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. कपाळावर घाम आला. पायाने काही केलं नाही.

ताई दाराशी उभ्या होत्या. त्या खाली वाकल्या, आत हात घातला आणि त्यांच्या बुटावर आपला तळवा ठेवून दाबलं. गाडी जागच्या जागी गरजली.

"आणखी," अंबरीशराव म्हणाले.

त्यांनी आणखी दाबलं. ट्रॅक्टरवरून जाणारे दोघे हसत बघत गेले. ताईंचा पदर रस्त्यावर लोळत होता. अंबरीशराव समोर पाहत होते, जिथे रस्ता सागाच्या झाडांत शिरतो तिथे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण तो स्टिअरिंगवर होता.

"मंडला," ते म्हणाले.

"आज नाही हो. गाडीवर माझा हात इतका बसला नाही अजून. पुढे कधीतरी जाऊ."

ते मग बराच वेळ उतरायला तयार झाले नाहीत. ताईही घाई न करता दाराला टेकून उभ्या राहिल्या.

आता दर रविवारी जातात, दर वेळी थोडं पुढे. मध्ये एकदा गाडी पुन्हा थरथरायला लागली तेव्हा नथ्थूकडे दोन आठवडे होती. त्या दोन्ही रविवारी अंबरीशराव सकाळीच तयार होऊन, बूट घालून, फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. पायात ताकद येणार नाही हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलंय. शेवटी दोघं एकदा मंडल्याला पोचली, चहा पिऊन परतली. मी अंबरीशरावांना विचारलं, "कसं वाटलं हो?" शब्द शोधत त्यांनी डाव्या हाताने गाडीतल्या चालकाशेजारच्या सीटकडे बोट दाखवलं.

"शेजारून," ते म्हणाले, आणि गाडीकडे पाहत बसले.