गोणपाटातलं चाफ्याचं पान

टिटवाळ्याच्या बाळूशेठने मला रोगट चाफा विकला, आणि विकताना त्याला ते ठाऊक होतं.

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या बागेचं काँट्रॅक्ट माझ्याकडे होतं. चाफा त्याच्या नर्सरीतून घेतला. झाडं बोडकी आली. चाफा पानं काढूनच पाठवतात, नाहीतर वाटेत कोमेजतो. धंद्याची रीत आहे, म्हणून मी बोलले नाही. नवी पानं फुटली, मोठी झाली आणि त्यांच्या पाठीवर केशरी पूड दिसली. तांबेरा. ही बुरशी जिवंत पानाच्या आत वाढते. बाहेर दिसते ती पूड म्हणजे तिचे बीजाणू. वाऱ्यावर उडतात, खोडाला चिकटूनही येतात.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, झाडं उचला. काँट्रॅक्टचं नंतर बघू."

या 'नंतर'चा अर्थ मला कळतो. मी बाळूशेठला फोन लावला.

"ताई, माझ्याकडून ठणठणीत गेली. तुमच्याकडे वाऱ्याने आला असेल. आणि भाव किती पाडलात, आठवतंय ना?"

भाव मी पाडतेच. म्हणून गाडीत रोग भरून द्यायचा?

मी गोणपाट फेकत नाही. मुळांभोवती बांधून आलेले तुकडे गोडाऊनमध्ये तसेच पडले होते. एकेक झटकला. एका सुतळीखाली चाफ्याचं वाळकं पान चेपलेलं निघालं. ते आणि बागेतलं एक ताजं पान घेऊन ठाण्याला कर्णिक सरांकडे गेले. सरांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मायक्रोस्कोप घरीच आहे.

"ताज्या पानावर नुसती पूड," सर म्हणाले. "एकेका पेशीचे खरखरीत दाणे, माळेतून सुटल्यासारखे. हा पसरण्याचा टप्पा. आता वाळकं बघ. पुडीशेजारी मेणासारखा थर दिसतो? हे बीजाणू वेगळे, चार पेशींचे. रोग पानावर मुरला की मगच धरतात. तुझ्या बागेत असं पान आहे?"

"एक नाही. सगळी उलटून पाहिली."

"मग हे तिथलं नव्हे."

पान घेऊन टिटवाळा गाठलं. बाळूशेठ हसला. "एका पानाने काय होतं, ताई? कुठूनही आलं असेल."

शेडमागे चाफ्याची नवी खेप गाडीत चढत होती. बोडकी.

"ही कुणाकडे चालली, शेठ?"

"तुम्हाला काय करायचंय?"

माझी झाडं उपटून जाळली. काँट्रॅक्ट दुसऱ्याला गेलं. आता मी चाफा पानांसकट बघते, पानं उलटून, आणि माझ्यासमोर काढायला लावते. पण रोग दिसत असताना माझ्या त्या झाडांची पानं कुणी ओरबाडली, ते बाळूशेठने सांगावं. फोनवर नको. सोसायटीच्या गेटवर यावं आणि सेक्रेटरीसमोर सांगावं.